इंजनाच्या टाकीतल्या मरळी

मी ढिवराची लेक, पोंभुर्ण्याकडची. पाण्याबद्दल आणि मासोळीबद्दल मला कोणी शिकवलेलं आजही खपत नाही. त्याच तोऱ्यात एकदा मी नवऱ्याचं अख्खं इंजन भर रुळावर थांबवलं.

जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. लग्न होऊन मी राजुऱ्याजवळच्या एका कोळसा खाणीवर आले. आमचे हे तिथल्या छोट्या इंजनावर फायरमन होते. दोन हात रुंदीचे रूळ आणि त्यावर ते काळंकुट्ट, बुटकं इंजन. खाणीच्या तोंडापासून मोठ्या रेल्वेपर्यंत कोळशाचे डबे ओढत न्यायचे आणि रिकामे परत आणायचे, हेच त्याचं काम. आमच्या खोल्यांच्या मागूनच जायचं, तेव्हा फळीवरची भांडी नाचायची. हे घरात बोलायला कमी, पण फडक्यानं इंजन पुसताना त्याच्याशी गुजगोष्टी चालायच्या. मला भारी राग यायचा.

"माह्यापेक्षा त्या इंजनाशीच जास्त बोलता जी तुमी!" मी एकदा सुनावलं.

"इंजन उलटून बोलत नाई," हे म्हणाले.

त्या वर्षी जुने डायव्हर काम सोडून गावी जाणार होते. त्यांच्या जागी यांना बसवायचं, असं इंजनाची देखभाल बघणाऱ्या मिस्त्रीभाऊंच्या मनात होतं. फक्त खाणीच्या साहेबासमोर एक फेरी चालवून दाखवायची होती. जन्मभर फावड्यानं कोळसाच लोटायचा की इंजनाची दांडी हातात यायची, ते त्या एका फेरीवर ठरणार होतं. फेरी नीट होईस्तोवर मासोळीला शिवणार नाही, असा शब्द यांनी मारुतीला दिला होता.

आणि नेमका आदल्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, माझा बाप आला. ओल्या फडक्यात पाच मरळी, वीत-वीतभर, जिवंत. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं! यांना मरळीचा रस्सा म्हणजे जीव की प्राण. पण मारुती आडवा आलेला. आता मरळी एक दिवस जगवायच्या कशा? माहेरी त्यासाठी रांजण असायचा. इथं मेले दोन घडे, तेही नळाच्या मर्जीनं भरणारे.

मागच्या रुळावर इंजन थंड उभं होतं. यांनी सकाळीच त्याच्या टाकीत काठोकाठ पाणी भरून ठेवलेलं. मी पदर खोचला, वर चढले, झाकण उघडलं आणि दिल्या सोडून.

इंजन पाणी पितं हे मला ठाऊक नव्हतं, असं नाही. पण आमच्याकडे तळं आटलं तरी मरळ तळाच्या चिखलात तग धरून राहते. मी म्हटलं, इंजन पिऊन पिऊन किती पिईल? मरळी राहतील तळाशी. उद्या फेरी झाली की संध्याकाळी काढू, रस्सा करू, यांना चकित करू. म्हणून कोणाला काही बोललेही नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खोल्यांतली माणसं रुळाशी उभी. साहेब इंजनावर चढला. यांनी शिट्टी दिली, डबे हलले आणि माझं काळीज सुपाएवढं झालं. इंजन वळणापलीकडे गेलं आणि आवाजच बंद. बराच वेळ काही येईना. मग साहेब एकटा पायी परत येताना दिसला, लालबुंद तोंडानं.

टाकीच्या आतली जाळी केव्हाच गंजून गेली होती. मरळ नळीच्या तोंडात जाऊन बसली आणि बॉयलरला पाणी मिळेना. कोरडा बॉयलर फुटतो. म्हणून यांनी भट्टीतली सगळी आग रुळावर ओढून टाकली होती, साहेबाच्या डोळ्यांदेखत.

संध्याकाळी हे घरी आले. हातात ओलं फडकं. ते चुलीपाशी ठेवलं.

"तुह्या बापानं आणल्या दिसते," एवढंच बोलले. मी धाय मोकलून रडले. "रडू नको. फेरी झाली, चांगली का वाईट. कर रस्सा." हे पोटभर भात जेवले. मी नुसतीच वाढत राहिले.

सकाळी मी तडक मिस्त्रीभाऊंकडे गेले. "मासोळ्या म्या सोडल्या, मिस्त्रीभाऊ. त्यायचा काई दोष नाई."

"बाई, त्यानं तर साहेबाले सांगतलं का त्यानंच ठेवल्या. दोघातलं कोण खोटं बोलून राह्यलं?" मग ते आवाज उतरवून म्हणाले, "बाईमाणूस इंजनावर चढली हे साहेबाले समजलं, तर तुमची खोली जाते. नोकरी बी जाते. गुमान घरी जा." डायव्हरची जागा दुसऱ्याला देऊन झाली होती.

मी तणतणतच घरी आले. हे ओट्यावर बसून बारीक तारेची जाळी विणत होते, टाकीसाठी.

"काऊन जी? माही चूक आपल्या डोक्यावर काऊन घेतली? मले विचारलं होतं?"

यांनी मान वर केली नाही. "मासोळ्या कोणासाठी ठेवल्या होत्या?"

"तुमच्यासाठी! आणखी कोणासाठी?"

"मंग माह्याच झाल्या ना."

मी शेजारी बसले. त्यांच्या गाठी सैल पडत होत्या. जाळं विणणं हे काही त्यांचं काम नव्हे. मी त्यांच्या हातातून जाळी घेतली, सगळ्या गाठी सोडल्या आणि बापानं शिकवल्या तशा पक्क्या घातल्या. तीन वर्षांनी हे डायव्हर झाले, तेव्हाही टाकीत तीच जाळी होती.