पहिल्या पावलाचे कडबू

माझ्या पायांनी माझ्याशी अबोला धरला त्याला आता बरीच वर्षं झाली. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून घरी येताना के. आर. पुरमजवळ माझी मोटारसायकल घसरली, पाठीचा कणा मोडला आणि छातीच्या मध्यापासून खालचं सगळं परकं झालं. चिमटा काढा, चटका द्या, काही कळत नाही. मी मूळचा तापट. अपघातानंतर तो सगळा ताप जिभेत उतरला आणि त्याची झळ सोसायला घरात एकच माणूस होतं, माझी अक्का.

आमचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरात, त्यामुळे आमच्यात ताईची अक्का होते आणि धाकट्या भावाचा तम्मा. मी पन्नाशीला आलो तरी तिचा तम्माच आहे. तिचे यजमान गेल्यावर ती येलहंक्याला माझ्याकडे राहायला आली. माझी सेवा करायला आली असं लोक म्हणतात. ती म्हणते, मला टीव्ही बघायला सोबत हवी होती.

लघवीची नळी, पिशवी, कूस बदलणं, सगळं ती शिकली. एक गोष्ट मात्र तिने कधी कानात शिरू दिली नाही, की मी पुन्हा चालणार नाही. डॉक्टर सांगायचे, ती ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणत मान हलवायची आणि घरी आल्यावर माझ्या तळपायांना तेल चोळायला बसायची.

“अगं, तेल वाया चाललंय,” मी करवादायचो.

“तुझं काय जातंय? तुला तर कळतही नाही.”

मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

एका सकाळी असंच तेल चोळणं चालू असताना माझा उजवा गुडघा एकदम वर उचलला गेला आणि पाऊल पुढे आलं. मागोमाग डावा पाय उडाला आणि तेलाची वाटी पालथी झाली. एरवी माझे पाय शांत असत, कधीमधी बारीकसा झटका यायचा तेवढाच. अक्का सांडलेल्या तेलाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.

“तम्मा, तू हलवलास?”

“नाही.”

“मग कोणी हलवला?”

तेवढ्यात पाय पुन्हा उडाला. खरं सांगतो, माझंही काळीज उडालं. इस्पितळातून घरी सोडताना पायांच्या झटक्यांबद्दल काहीतरी सांगितलं होतं, पण तेव्हा इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या की त्या गर्दीत ते हरवलं. आणि स्वतःचे पाय डोळ्यांसमोर उठताना दिसले की कोणाला शहाणपण सुचतं?

आमच्या घरात मूल पहिलं पाऊल टाकतं त्या दिवशी कडबू करतात. पुरण भरून तळलेले, करंजीसारखे. ते शेजारीपाजारी वाटायचे. हे पोर आता दाराबाहेर पडणार, तुम्हीही लक्ष ठेवा, असं सांगायची ती आमची रीत. माझ्या पहिल्या पावलाचे कडबू अक्कानेच फ्रॉक घालून घरोघर दिले होते. त्या दिवशी दुपारी घरभर पुरणाचा वास सुटला. अक्काने ठेवणीतली साडी नेसली, ताट घेतलं आणि गल्लीत निघाली.

समोरच्या बाईंचा आवाज मला खिडकीतून ऐकू आला. “काय अक्का, नातू चालायला लागला?”

“नातू नव्हे. आमचा तम्मा.”

मग काय, पाय बघायला माणसं यायला लागली. पायांनीही कोणाला निराश केलं नाही. मी उशीला टेकून राजासारखा पडलो होतो आणि चार कडबू खाऊन झाले होते. इतक्या आनंदात मी अपघातानंतर कधी नव्हतो.

संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. पंखा चालू असून कपाळावरून घाम निथळत होता, हातांवर काटा येत होता. अक्काच्या मते निदान उघड होतं. गल्लीभर दाखवलं, मग दृष्ट लागणारच. तिने मीठ-मिरच्या ओवाळून जाळल्या. ठसका लागून आम्ही दोघंही खोकलो, पण डोक्याचं ठणकणं वाढतच गेलं. ताप नव्हता. डोकं सोडलं तर दुखत कुठेच नव्हतं. पिशवी बदलताना मात्र अक्का थबकली. लघवी ताकाच्या निवळीसारखी गढूळ झाली होती.

माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंना मी फोन लावला. अक्कालाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. डोकं, घाम, लघवी, एवढंच सांगून झालं होतं.

“पाय नेहमीपेक्षा जास्त उडतायत का?” बाईंनी विचारलं.

पायांबद्दल मी अजून चकार शब्द काढला नव्हता. मी अक्काकडे बघितलं. ती ओट्यापाशी उरलेले कडबू डब्यात भरत होती. तिचा हात तिथेच थांबला.

“हो,” मी म्हणालो.

“आधी उठून बसा. पाय पलंगावरून खाली सोडा. नळी कुठे दुमडलीय का ते बघा आणि लगेच निघा. जंतुसंसर्ग असणार.”

इस्पितळात कळलं की संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता आणि रक्तात उतरू लागला होता. जिवावर बेतलं होतं. अशी दुखणी धडधाकट माणसाला कळांनी तळमळवतात, माझ्या शरीराला ती सोय नाही. पोटातलं दुखणं मेंदूपर्यंत पोचत नाही, मग शरीर घाम गाळून, काटा आणून आणि पाय झाडून सांगतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हाला आणखीही समजावलं. मज्जारज्जूतून नुसते पायांचे निरोप जात नाहीत, रोगाशी लढणाऱ्या पेशींना सावध करणारे निरोपही तिथूनच जातात. ती वाट तुटली की शरीराची राखण ढिली पडते. एरवी आत कुठेतरी बारीक दाह विनाकारण धुमसत राहतो आणि खरा जंतू शिरतो तेव्हा मात्र पहारा उशिरा उठतो. मला माझ्या पायांचं नुकसान ठाऊक होतं, हे आतलं त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

अक्काने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. “हा बरा झाला की पाय उडायचे थांबतील?”

“कमी होतील. कमी झाले की औषध लागू पडतंय असं समजा. आणि घरी गेल्यावर यांना पाणी भरपूर पाजा, जंतू धुऊन जातात.”

मग अक्का माझ्या पायथ्याशी खुर्ची ओढून बसली. चादरीवरून माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती बसून राहायची. पाय उडाला की तिचा हात उडायचा आणि तिचा चेहरा उतरायचा. जे पाय हलावेत म्हणून तिने वर्षानुवर्षं तेल जिरवलं, ते थांबावेत म्हणून ती आता डोळे मिटून पुटपुटत होती. मी ग्लानीत होतो तरी मला ते दिसत होतं आणि माझ्या दुखण्यापेक्षा मला तेच सोसवत नव्हतं.

थांबले ते हळूहळू. एका सकाळी जाग आली तर अक्काचा हात गुडघ्यावर तसाच होता आणि गुडघा गप्प होता. तिने पदर तोंडाला लावला.

“मी तुझ्या दुखण्याचे कडबू वाटले रे, तम्मा.”

एखादा खोचक शब्द माझ्या जिभेवर नेहमी तयार असतो. त्या दिवशी तो आला नाही. मी तिचा हात गुडघ्यावरून उचलून माझ्या हातात घेतला, कारण तिथे मला तो कळतो. खरबरीत होता, गरम होता.

“कडबू छान झाले होते,” मी म्हणालो. “स्वल्प गूळ जास्त होता.”

“गप रे,” ती म्हणाली. पण हात तिने सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर तिने तेल चोळणं बंद केलं नाही. फक्त आता चोळण्याआधी ती पिशवीचा रंग बघते, माझ्या कपाळाला हात लावते आणि पाय किती वेळ शांत राहतात ते बघते. मीही हल्ली करवादत नाही, निदान सकाळच्या वेळी तरी.

परवा समोरच्या बाई दारात आल्या. गावाला गेल्या होत्या, मधलं काही त्यांच्या कानावर आलं नव्हतं. अक्का दार अर्धं उघडून उभी होती आणि मी आत पलंगावर.

“अक्का, त्या दिवशी बघून किती बरं वाटलं मला. अजून हलतात ना पाय?”

अक्काने मागे वळून माझ्या पायांकडे बघितलं.

“नाही,” मग ती म्हणाली. “देवाची दया आहे, अजिबात हलत नाहीत.”

बाई गडबडून निघून गेल्या. अक्काने दार लावलं, डोळे पुसले आणि माझ्यासमोर पाण्याचा पेला धरला.

“पी,” ती म्हणाली. “सगळं पी.”