चला, गुणमाला वाट बघत असंल

विश्रामबागेतल्या एका ठिबक सिंचनाच्या नळ्या विकणाऱ्या कंपनीत जवाहर मगदूम शाखाप्रमुख होते. हाताखालच्या माणसांत त्यांचं नाव निघायचं ते बुधवारच्या मिटिंगवरून. दुसऱ्या शाखांतली माणसं मिटिंगचं नाव काढलं की कपाळाला हात लावायची. इथली पोरं मात्र चारला आत जायची आणि ऊन उतरायच्या आत गाडीला किक मारायची.

मगदूम साहेबांची रीत साधी होती. कुणी वाचून दाखवायला लागलं की हात वर करायचे. "झालं ते मला फोनवर दिसतंय रं. अडलंय काय, तेवढं बोल." अडलेलं कळलं की दुसरा सवाल, "कोण करणार आणि कवा?" एवढं ठरलं की पुढचा माणूस. चहा सगळ्यांत शेवटी. आधी चहा दिला की माणूस खुर्चीत मुरतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि मिटिंग संपवायची ती पश्चिमेच्या खिडकीनं. समोरच्या पाण्याच्या टाकीला ऊन टेकलं की साहेब उठायचे. "चला, गुणमाला वाट बघत असंल."

घर जैनाचं. दिवस मावळल्यावर ताट वाढायची पद्धत नाही. त्यांची बायको गुणमाला ताट पुसून, भाकरी फडक्यात गुंडाळून दारात उभी असायची. तिच्यामुळं अख्खं ऑफिस वेळेवर घरी जात होतं, आणि तिला ते कधी कळलंही नाही.

मागच्या श्रावणात गुणमाला गेली. लेक जिनेश बेंगळूरला परत गेला. धोंडुबाई सकाळी स्वयंपाक करून, झाकून ठेवून जाऊ लागली.

मिटिंग लांबली ती त्यानंतर. एकदम नाही. आधी चहा अगोदर यायला लागला, मग मध्येही यायला लागला. आष्ट्याच्या एका शेतकऱ्याचे व्हॉल्व्ह यायचे राहिले होते, तर साहेब त्याचं रान कुठल्या अंगाला, विहीर कुणाच्या सामाईकात, इथवर गेले. सगळं संपलं की टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणायचे, "अजून काय?" टाकीवरचं ऊन जायचं. दिवे लागायचे. साहेब खिडकीकडं पाठ करून बसायला लागले होते.

गोदाम सांभाळणारे उदयसिंह फौजेतून आलेले. ते बाहेर येऊन पुटपुटायचे, "सीमेवर पण वेळेला ड्युटी बदलायची गड्या." पण तोंडावर कोण बोलणार?

सगळ्यांत हाल आकारामचे. तो लांब शिराळ्याचा. अंधारात उसाच्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना काही, त्यातनं मोटरसायकल काढत जायचं. त्यात त्याचा फोन एकदा पाटात पडलेला. तेव्हापासून कानाला लावून काही ऐकू येत नव्हतं, स्पीकरच लावावा लागायचा.

"तुजा फोन म्हंजे गावची दवंडी," उदयसिंह म्हणायचे.

त्या बुधवारी "अजून काय?" म्हणून झालं होतं, आणि कुणाकडंच काही उरलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. आकारामनं उचलला.

"अगं, मिटिंग चालूय."

"अजून?" बायकोचा आवाज खोलीभर घुमला. "आवं, तुमच्या सायबाच्या घरी वाट बघणारं कुणी न्हाई, म्हणून तुमच्या बी घरी न्हाई व्हय? पोरगी जेवंना झालीया बापाबिगर!"

आकारामनं फोन दाबला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. साहेबांनी समोरचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

"जावा," ते म्हणाले. "सावकाश जा रं आकाराम."

खुर्च्या सरकल्या, माणसं गेली. हिशेब बघणारी रेश्मा तेवढी दारात थांबली.

"सायेब, दिवस कवाच मावळला. तुमी जेवला न्हाईसा."

"बुधवारी न्हाई जेवत."

"उपास हाय?"

"तसंच म्हण."

रेश्मानं चहाचे कप गोळा केले आणि जाताना खोलीतले जादाचे दिवे बंद केले.

पुढच्या बुधवारी साहेब खिडकीकडं तोंड करून बसले. आधी चहा आला नाही. आकाराम दबकून बोलायला लागला तसा हात वर झाला. "झालं ते र्‍हाऊ दे. अडलंय काय?" व्हॉल्व्ह कोण आणणार, ते ठरलं. उन्हात पडलेल्या नळ्या सावलीला कोण नेणार, तेही ठरलं. चहा आला, आणि टाकीला ऊन टेकलं.

साहेब उठले. "चला," म्हणाले, आणि पुढं काही आलंच नाही. सगळे उभे, कुणीच हलेना. इतक्या वर्षांचं ते वाक्य अर्ध्यावर तुटून टेबलावर पडलं होतं.

"चला," साहेब परत म्हणाले. "आकारामची बायको वाट बघत असंल."

आकारामनं जाता जाता त्यांच्या पायाला हात लावला, तर ते ओरडले, "आरं सूट की लवकर, टरॉल्या निघत्यात!"

साहेब घरी आले. कुलूप काढलं. धोंडुबाईनं झाकलेली भाकरी कडक झाली होती, ती आमटीत कुस्करली. दिवस मावळायच्या आत जेवले. ताट घासून पालथं घातलं, तरी स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन होतं. ते ओट्याला टेकून उभे राहिले. आता पुढं काय करायचं, ते त्यांना सुचेना.