शेंदराखालचं लोखंड

रत्नप्रभा तांबे हिला लोखंड वाचता येतं. पुस्तकाशी तिचा संबंध सातवीत संपला. पण साकीनाक्याच्या गाळ्यात आलेली कुठलीही सळई ग्राइंडरला लावा, ठिणग्या बघून ती सांगणार की हे कशाला चालेल आणि कशाला नाही. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, नावापुढे बी.एस्सी. लावतो, आणि मरोळच्या आमच्या गल्लीत गेल्या फेब्रुवारीत जे झालं त्यात अक्कल तिने दाखवली, मी नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे, त्यांच्यात मीही आहे.

ती लग्न होऊन कणकवलीहून आमच्या गल्लीत आली. सासरे गिरणीत होते, गिरणी गेली. नवरा नट-बोल्टच्या गाळ्यात लागला आणि चाळिशीत वारला. मालकाने तिला झाडलोटीला ठेवली. झाडता झाडता ती ग्राइंडरकडे बघत राहायची, आणि एक दिवस म्हणाली की आजच्या मालाच्या ठिणग्या कालच्यासारख्या फुलत नाहीत. मालक हसला. लॅबचा रिपोर्ट आल्यावर हसायचा थांबला. तेव्हापासून माल तीच तपासते. एकदा लिफ्टच्या बोल्टांसाठी भलताच माल आला, मालक म्हणाला चालवून घे, तर ही त्या गठ्ठ्यावर जाऊन बसली आणि दुपारचा डबाही तिथेच खाल्ला. गठ्ठा परत गेला.

आमच्या बैठ्या चाळीला खेटून एकवीस मजली टॉवर चढतोय. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी काहीतरी धाडकन आदळलं. तिथे अंजनाबाई सुकी मासळी घेऊन बसते. मूळची वेसाव्याची कोळीण, राहते मागच्याच गल्लीत; माझ्या आईच्या वेळेपासून तिचीच पाटी आमच्या घरी उतरते. तिचा डावा पाय घोट्याखाली चेचला गेला होता. शेजारी तीनेक किलोचा काळा, जळका, वेडावाकडा ठोकळा पडला होता. त्याला हात लावला तर चटका बसला.

चारजण तिला रिक्षात घालून हॉस्पिटलला घेऊन गेले. आणि मी काय केलं? घरातून चुंबक आणला. चुंबक चिकटला. काळी साल, अंगावर खळगे, वजनदार, शिवाय गरम. एकाने टॉवरकडे बोट दाखवलं, त्याला मी गप्प केलं आणि वर्गात सांगतात तसं सगळ्यांना सांगितलं की ही उल्का आहे. अहो, चुंबक माझ्या दाराच्या कडीलाही चिकटतो. आभाळातून येणारे दगड शेवटचे कितीतरी किलोमीटर थंड हवेतून पडतात आणि बहुतेक वेळा गारच हाताला लागतात, हेही मला ठाऊक होतं. पण चाळीस माणसं तोंडाकडे बघत असली की ठाऊक असलेलं नेमकं आठवत नाही. मला त्याची लाज वाटते.

टॉवरवाल्यांना मात्र माझं बोलणं फार आवडलं. त्यांचा साइट इंजिनिअर हर्षद तासाभरात हार घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी शेंदूर आणि तेल. ठोकळ्यावर एवढा जाड थर चढवला की खालचं काही दिसेना. तिसऱ्या दिवशी चौथरा, त्याला टाइल्स, वर पत्र्याचं छप्पर. संरक्षक जाळी लावा म्हणून आम्ही दोन वर्षं अर्ज करत होतो, तर परमिशन, टेंडर, माणसं नाहीत अशी उत्तरं यायची. देवाला छप्पर एका दिवसात लागलं. त्यासाठी माणसं कुठून आली, हे कोणी विचारलं नाही.

अंजनाबाई प्लास्टर घालून घरी आली. पाय पूर्वीसारखा टेकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पोलीस म्हणाले, तिने तक्रार द्यावी, मग चौकशी होईल. कागदही लिहून ठेवून गेले, पण ती सही देईना. आभाळातून आलेल्या देवावर तक्रार कशी करायची, हे तिचं म्हणणं. येणारा जाणारा तिला भाग्यवान म्हणत होता. रोज कोणीतरी चौथऱ्यावरचा शेंदूर आणून तिच्या कपाळाला लावत होतं. चेचलेल्या पायाच्या बाईला भाग्यवान म्हणताना एकाचीही जीभ अडखळली नाही. आणि तक्रार नाही म्हणजे चौकशी नाही, जाळी नाही. गल्लीच्या त्याच तोंडातून सकाळी बालवाडीची पोरं जातात.

रत्नप्रभा मला एकदाच भेटायला आली. म्हणाली, "सर, पडला तेव्हा गरम होता ना? मग त्या दिवशी टॉवरवर लोखंड कापायचा गॅसकटर चालू होता का, ते बघितलंत?"

मी बघितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी रविवार होता. ती गाळ्यातला हात-ग्राइंडर पिशवीत घालून, रॉकेलची बाटली घेऊन चौथऱ्याशी आली आणि माझ्या घरातून वायर मागितली. लोक मध्ये आले. देवाला ग्राइंडर लावणार का, म्हणून बायका ओरडल्या. हर्षद धावत आला आणि श्रद्धा, भावना वगैरे बोलू लागला. तिने पिशवीतून ग्राइंडर बाहेर काढला. मी वायर खिडकीतून बाहेर टाकली आणि बटण दाबलं. या सगळ्यात मी केलेलं शहाणपणाचं काम एवढंच.

आधी तिने रॉकेलच्या फडक्याने शेंदूर उतरवला. मग कडेला ग्राइंडर टेकवला. लांब, पिवळट ठिणग्या निघाल्या, टोकाला थोड्याशा फुटणाऱ्या. तिने एकदाच पाहिलं आणि ग्राइंडर बंद केला. उल्का आपण कधी बघितलेली नाही, पण हे इमारतीचं लोखंड आहे, रोज हाताखालून जातं, असं ती म्हणाली. हर्षद म्हणाला, लोखंड तर लोखंडच असणार, आभाळातलं काय आणि इमारतीचं काय. तेव्हा तिने ठोकळा उलटा केला. एका बाजूला माशाच्या खवल्यांसारख्या, एकावर एक चढलेल्या वळ्यांची रेघ होती, सरळ, टोकापासून टोकापर्यंत. शेंदराखाली इतके दिवस ती झाकलेली होती.

"आभाळात वेल्डिंग कोण करता रे?" तिने हर्षदला विचारलं.

 तपासणीसाठी तुकडा साइटवर न्यावा लागेल, असं काहीतरी म्हणत त्याने हात पुढे केला. रत्नप्रभाने तो पिशवीत टाकला आणि चालू लागली. मी मागून गेलो. गल्लीतले बरेच आले.

अंजनाबाई खाटेवर बसली होती. रत्नप्रभाने तुकडा तिच्या मांडीवर ठेवला, तिचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं आणि सांगितलं की वर बीम कापताना हा खाली पडला, हे माणसाच्या हातचं काम आहे. जन्मभर खवली काढलेलं ते बोट रेघेवरून दोनदा गेलं. मी म्हणालो, अंजनाबाई, उल्का मी म्हणालो होतो, चुकलं माझं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि ते बरोबरच होतं.

"म्हंजे इतके दिस मी ह्याच्याच पाया पडत व्हते गो," ती रत्नप्रभाला म्हणाली.

मग पदराचं टोक थुंकीने ओलं करून तिने कपाळावरचा शेंदूर घासून काढला, आणि तक्रारीच्या कागदावर सही करायला माझ्याकडे पेन मागितलं.