पालथी पायली

ख्रिस्ती उपदेशक म्हटलं की तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? "याला पैसे कोण देतं?" हाच ना?

मी पुण्याला निघालो तेव्हा देवरीच्या बसस्टँडवर शेजारच्या मनोहरकाकांनी तो चारचौघांत विचारला. "काऊन बे, पुन्याले जाऊन राह्यला? कोन पैसे देऊन राह्यलं तुले?" मी भडकलो. बाबा मात्र हसले. "इचारू दे त्याले. आपुन नाही का पायली पालथी करून पायत?"

कुणीही धान मोजायला पायली काढली की बाबा आधी ती पालथी करायचे आणि बुडावर थाप मारायचे. आत काही चिकटवून माप लहान केलेलं नाही ना, एवढंच. सख्ख्या भावाचीही पायली सुटायची नाही, आणि भाऊ रागवायचाही नाही.

मी येशूच्या प्रचाराच्या पत्रकांवर वाढलो. बाबा ती आठवडी बाजारात वाटायचे. माझी अक्षरओळखही त्यांच्यावरच झाली. पत्रक नेहमी दुसऱ्यावर ओरडतं. मीही तसाच बोलायचो: पापी तुम्ही, सुटलेला मी. पुण्याच्या बायबल कॉलेजात जुना करार मूळ हिब्रूत वाचायला लागलो, उजवीकडून डावीकडे, अडखळत, तेव्हा पहिल्यांदा स्वतःचाच संशय आला. त्यातले संदेष्टे, देवाचा निरोप सांगणारे, देवाची भक्ती करणाऱ्यांनाच धारेवर धरतात. त्यांतला आमोस तर मेंढपाळ. माप लहान करून गरिबाला नाडणाऱ्यांना तो त्यांच्याच उपासनास्थळी सुनावतो. मग पुजारी त्याला म्हणतो, तुझ्या मुलखात जा, तिथे बोल.

शिक्षण संपल्यावर पुण्यातल्याच एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सहायक उपदेशक झालो. आमोसवर बोलायचं ठरवलं, तर तिथले मुख्य पाळकसाहेब म्हणाले, "जरूर घ्या. फक्त उदाहरण गावाकडचंच ठेवा." काऊन? मला तिथेच वास आला. रविवारी मी पायली सांगितली आणि लगेच फ्लॅटचा कार्पेट एरियाही सांगितला. पुढच्या बाकांवर दोन बिल्डर होते. सगळे "आमेन" म्हणाले. बाहेर हात हातात घेऊन म्हणाले, "फार छान बोललात, ब्रदर." त्यानंतर मला व्यासपीठावर कुणी बोलावलं नाही. "जरा विश्रांती घ्या," एवढाच निरोप आला.

तोंडावर भांडले असते तर मी टिकलो असतो. गोड माणसांचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि भीती त्या बिल्डरांची नाही, माझी वाटते. आमेन ऐकून ऐकून उपदेशकाच्या आत काय चिकटत जातं, ते त्याला दिसत नाही. पायली स्वतःला पालथी करू शकत नाही.

एकेकाळी घर म्हणजे असले प्रश्न विचारून मला गप्प करू पाहणारी जागा वाटायची. आता वाटतं, जिथे आपल्या बुडावर थाप मारायला कुणी लाजत नाही, ते घर.

येत्या रविवारी मी देवरीत आमच्या अंगणात बोलणार आहे, आमोसवरच. गाव सोडून गेलेल्यांनो, सुट्टी काढा. आणि मनोहरकाका, तुम्ही येशूला मानत नाही, ठाऊक आहे. तरी या, पुढेच बसा. आमेन म्हणू नका. माझं बोलणं संपलं की उभे राहा आणि तुमचा तो प्रश्न पुन्हा विचारा, बसस्टँडवर विचारला होता तसा, मोठ्याने.