पांढरी सहा

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी उल्हासनगरच्या एका कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहीत असे आणि दर सोमवारी दुपारी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळील भजनी मंडळात पेटी वाजवीत असे. शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले, तरी आपण संगीताचे शास्त्र जाणतो, असे मंडळास मी प्रारंभीच सांगून ठेवले होते. वस्तुतः पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीस सा मानून मी पट्ट्यांवर स्वरांच्या चिठ्ठ्या डिंकाने चिकटवल्या होत्या. शुद्ध स्वर पांढरे, कोमल स्वर काळे, एवढेच माझे शास्त्र.

आजारपणानंतर मंडळात भजन गाणाऱ्या बुवांचा आवाज खाली उतरला. पुढल्या सोमवारी खालच्या सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा सा धरू, असे ते म्हणाले. भजनात गंधार, धैवत, निषाद कोमल. मी मान डोलावली. घरच्या पेटीवर सहावीपासून निघालो आणि कोमल स्वरांसाठी काळ्या पट्ट्या दाबल्या, तर भलतेच सूर निघाले. मंडळातील निम्मे लोक माझे अशील. पेटी चुकली, तर माझ्या अर्जावर कोण विश्वास ठेवील?

म्हणून, जेथे मला कोणी ओळखत नव्हते त्या बदलापुरात, एका संगीतशिक्षिकाबाईंकडे गेलो. पुतण्यासाठी विचारतो आहे, असे सांगितले. त्यांनी सहावीपासून आठ पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवावयास लावल्या. काळीला स्पर्श न होता तिन्ही कोमल स्वर उमटले. मी दचकून हात मागे घेतला.

"कोमलपणा काळ्या पट्टीत नसतो, काका. 'सा'पासून स्वर किती लांब, त्यावर तो ठरतो," बाई म्हणाल्या. "पुतण्याला सांगा."

काळीसुद्धा मोजून मध्ये एक पट्टी सुटली की पूर्ण अंतर, शेजारची आली की अर्ध. तशी अंतरेही त्यांनी लिहून दिली: पूर्ण, अर्ध, पूर्ण, पूर्ण, अर्ध, पूर्ण, पूर्ण. आपल्याकडे हा आसावरी थाट. इंग्रजी संगीतात नॅचरल मायनर.

सर्व समजले, पण भय हटेना. सोमवारी पेटी उघडली, तो माझ्याच चिठ्ठ्या माझ्याविरुद्ध साक्ष देऊ लागल्या: 'सा'च्या जागी 'ध', कोमल गंधाराच्या जागी 'सा'. बुवांनी सूर लावला. मी डोळे मिटले आणि ती सात अंतरे मनात घोकीत बोटे सरकवली. निषादावर एकदा अडखळलो; बुवा थांबले नाहीत.

भजन संपल्यावर ते पेटीवर वाकून हळूच म्हणाले, "रायटरसाहेब, आज चिठ्ठ्या न वाचता वाजवलंत. काढा की आता त्या."

म्हणजे त्यांना प्रथमपासून ठाऊक होते. मी मान खाली घालून एकेक चिठ्ठी नखाने खरवडली. 'सा'ची मात्र शेवटपर्यंत ठेवली, आणि मग तीही काढली.