काटा अर्ध्यावर

माझा दारव्ह्यात मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. लग्नाचा मंडप माझा आणि तेरवीचाही माझाच. ज्या खुर्चीत काल नवरदेवाचा मामा रुसून बसला होता, तिच्यातच परवा कुणीतरी डोळे पुसत बसतं… पण इतक्या वर्षांत एका खुर्चीने उगाच 'कुई' केलं नाही. भुतंखेतं असतीच तर मुक्कामाला पहिली माझ्या गोदामात आली असती, असं मी छातीठोकपणे सांगायचो. लोकांना घाबरवायला मला मनापासून आवडतं, चारचौघांत किस्से रंगवायलाही आवडतं. हा मात्र कधी रंगवला नाही. ताई मोबाईलवर असलं काही वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, घाटंजीला असते. भाऊजींकडे एक जुनी पांढरी गाडी होती. चौकोनी नाकाची, दार जोरात आपटल्याशिवाय न लागणारी. तिच्या पेट्रोलच्या काट्यावर भाऊजींचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास पऱ्हाटीवर! कापूस वेचून झाला की वावरात कपाशीच्या वाळक्या काड्या उरतात, त्यातली एक सरळ काडी सोलून तिला चाकूने खाचा पाडल्या होत्या. टाकीच्या तोंडातून ती आत घालायची आणि कुठवर ओली झाली ते बघायचं. काडी हातून निसटू नये म्हणून ताईने आपल्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून तिच्या टोकाला बांधून दिला होता.

मी चिडवायचो, "काय भाऊजी, गाडीले ताप आला का? थर्मामीटर लावून राह्यले!"

ते शांतपणे काडी पुसत म्हणायचे, "काटा लबाड असते बापू. पऱ्हाटी नसते."

मागच्या हिवाळ्यात ताईने गाडी झाडून काढली. सीटखाली काडी निघाली. काठ मळून इतका काळा झाला होता की तिने ओळखलाच नाही. न्हाणीच्या चुलीवर पाणी तापत होतं, जळण पऱ्हाट्यांचंच… तिने ही पण आत सारली. काठाने पेट घेतला तेव्हा एक कड हिरवी दिसली. मग कळलं. पण तोवर काय उरलं होतं? काडीचा निखारा झाला, निखाऱ्याची राख झाली, आणि ताई बघत राहिली. दुसरी करतील, असं म्हणून गप्प बसली. भाऊजींना सांगायचं राहूनच गेलं.

त्याच आठवड्यात, ताई वावरात वेचणीला गेलेली असताना, भाऊजींच्या छातीत दुखायला लागलं. कुणाला हाक न मारता एकटेच गाडी काढून यवतमाळच्या दवाखान्याकडे निघाले. पुढे जंगलाचा रस्ता लागतो, तिथे पेट्रोल संपलं. कापसाचा ट्रॅक्टर मागून आला तेव्हा भाऊजी स्टिअरिंगवर डोकं टेकून होते. सगळं संपलेलं.

तेरवीचा मंडप मीच घातला. स्वतःच्या बहिणीच्या दारात.

पाहुणे पांगल्यावर ताईने मला बाजूला घेतलं. "बापू, गाडीचा काटा तपासून दे. काटा खरा असंन, तर त्याइनं पाह्यला अन तरी गेले. खोटा असंन, तर… तर मीच मारलं त्याइले. काडी असती तर निघाच्या आधी टाकी पाह्यली असती त्याइनं."

मी गजू मिस्त्रीला घरीच बोलावलं. गजू म्हणजे गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी तिचा मृत्यू जाहीर करणारा माणूस. आला तसा म्हणाला, "मीटर मेला." चावी फिरवली. गाडी घरी आणण्यापुरतं पेट्रोल टाकलं होतं, त्यातलं तळाशी थोडं उरलं होतं, आणि काटा ऐटीत अर्ध्यावर! "म्हंजे खोटाच," ताई म्हणाली.

गजूने टाकीवरची वायर काढली. काटा खाली पडला. वायर बॉडीला टेकवली. काटा थेट 'फुल्ल'वर. "मीटर जिंदा हाय भाऊ," गजू जरा हिरमुसला. "बिमारी टाकीत हाय." टाकीच्या आत एक तरंगता डबा असतो, पेट्रोलसोबत तो वर-खाली होतो आणि त्याच्यावर काटा चालतो. तो डबा बाहेर येईना. खालून काहीतरी टेकू लागलेला. गजूने हात घातला, बरंच खुडबुडला, आणि ओढून काढली…

पऱ्हाटी. खाचांची. एका टोकाला हिरवा काठ. दुसरं टोक जळून कोळसा झालेलं.

"पेट्रोलच्या टाकीत जळकी काडी?" गजूचा आवाज चिरकला. "इस्तो, एक ठिणगी जरी राह्यली असती, तर आपली पण तेरवी झाली असती!"

ताईने काडी हातात घेतली, खाचांवरून अंगठा फिरवला. "हे टाकीत होती… मंग मी जाळलं ते काय होतं?"

आता बोलणं हा माझा धंदा! मी म्हणालो, "अवं ताई, तू उठून गेली असशीन, त्याइनं चुलीतून ओढून काढली. तेच वापरत होते. शेवटी हातून निसटली अन टाकीत पडली. तुहा काय दोष?"

"मी राख पाह्यली रे."

"राख काय, चुलीत दुसऱ्या पऱ्हाट्या नव्हत्या का?"

तिने काडीचं जळकं टोक पदराने पुसलं. "तसंच असंन," म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले. मग उठली आणि ती काडी पुन्हा चुलीत घातली. पेट्रोलात भिजलेली, भडका उडणार, म्हणून मी पटकन मागे सरलो… काही नाही. साध्या वाळक्या पऱ्हाटीसारखी ती शांतपणे जळली. या वेळी राख मीही पाहिली.

ताई म्हणाली, "गाडी तू ने. मले दारात नको." टाकी साफ करून, डबा बसवून गजूने गाडी दिली. काटा अगदी शहाण्यासारखा चालायला लागला.

पोळ्याच्या आसपास तो परत अर्ध्यावर अडकला.

गजू म्हणतो, टाकी खोलू. मी म्हणतो, राहू दे. वायर खराब असेल, डबा वाकला असेल… हजार कारणं असतात. मीही आता एक पऱ्हाटी सोलून ठेवली आहे. ती आत घातली की तळाच्या पत्र्याचा आवाज यायला हवा. येत नाही. लाकडावर लाकूड टेकल्यासारखं काहीतरी हाताला लागतं, आणि मी झाकण लावून टाकतो.

हे काय आहे, मला सांगता येत नाही. ताईला झोप लागते आता, एवढं ठाऊक आहे. घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी तिचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलते, आणि ठेवायच्या आधी हळूच विचारते, "काटा कसा हाय रे बापू?"

"एकदम सच्चा, ताई," मी सांगतो. "जेवढं असंन तेवढंच दाखवते."