झायलिटॉल आणि भुरीचा वाटा

सवय एकदाची सुटते; तिचे किस्से सुटत नाहीत. सोनपेठच्या बसस्थानकासमोर माणिकरावांचे औषधांचे दुकान आहे. तिथल्या बाकावर आम्ही संध्याकाळी जमतो, आणि सध्या प्रत्येक किस्सा शिवलिंगअप्पांपाशीच येऊन थांबतो.

अप्पा कापडाचे व्यापारी. गालाच्या आत पांढरा चट्टा उमटला, तेव्हा परभणीच्या दंतवैद्य बाईंनी स्पष्ट बजावले : तंबाखू सोडा, नाहीतर हा चट्टा कर्करोगाकडे वळू शकतो. तोंड रिकामे राहवत नसेल, तर झायलिटॉलचे च्युइंगम चघळा.

*

पहिली गोळी माणिकरावांनी दिली. अप्पांनी ती तळहातावर घेतली, अंगठ्याने मळली, वर थाप मारली आणि खालच्या ओठात ठेवून दिली. बराच वेळ वाट पाहून म्हणाले, "माणिकराव, हे चढतं कवा?"

"अप्पा, ते चावायचं असतं."

*

साखर नाही आणि तरी गोड, याचा अप्पांना संशय. माणिकरावांनी समजावले की हा पदार्थ फळांतही असतो, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासूनही काढतात. दात किडवणारे जंतू मात्र त्याच्यावर जगत नाहीत.

"म्हंजी गोड दाखवून उपाशी मारायचं," अप्पा म्हणाले. "आपल्याच धंद्यातलं दिसतंय!"

*

अप्पांना चैन नव्हते. घटकेघटकेला आरशात गाल पाहायचा. रिकाम्या तळव्यावर अंगठा फिरतच असायचा. तलफ आली की गोळी. एका बाजारच्या दिवशी अख्खे पाकीट चघळून ते गंगाखेडच्या एसटीत बसले. अति झाले की झायलिटॉल पोट ढिले करते, हे ज्ञान आम्हांला कंडक्टरकडून मिळाले. भर माळावर गाडी थांबवावी लागली म्हणे.

परतल्यावर अप्पा एवढेच बोलले, "तंबाकूनं असा दगा कदी दिला न्हाई."

*

माणिकरावांच्या दुकानाच्या पायरीवर भुरी नावाची कुत्री बसते. तिचा घास काढल्यावाचून अप्पा काही खात नाहीत; घराण्याची रीत आहे. च्युइंगम हे औषध, आणि औषधाचा वाटा काढायचा नसतो, असा त्यांचा आजवरचा हिशेब. परंतु परवा त्याची चव त्यांना प्रथमच रुचली. एकट्याने खाणे जिवावर आले, आणि त्यांनी मूठभर गोळ्या भुरीपुढे ठेवल्या.

थोड्याच वेळात भुरी झोकांड्या खाऊ लागली आणि कोसळली. अप्पांनी तिला उचलून जनावरांच्या दवाखान्यात नेले, मागोमाग आम्ही. डॉक्टरांनी पाकीट पाहिले मात्र, तातडीने शिरेतून ग्लुकोज सुरू केले. माणसाला जे बाधत नाही, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकाएकी उतरते, म्हणाले. आता वाट पाहायची.

अप्पा तिच्या उशाशी बसले. अंगठा तळव्यावर फिरत होता. गाय घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला ते बघवले नाही. त्याने मळलेली चिमूट पुढे केली. "घ्या अप्पा, जिवाला बरं वाटंल."

अप्पांनी चिमूट घेतली. हात ओठांपर्यंत गेला, आणि भुरीने डोळे उघडले. मान कशीबशी उचलून तिने त्यांच्या मुठीला नाक लावले आणि रोजचा घास मागावा तशी शेपूट हलवली.

अप्पा उठले. मूठ नालीत झटकली, नळाखाली हात खसखसून धुतला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "भाकर हाय का कुणापाशी?"